गिरणीवर न आलेले सात डबे

माझ्या नोकरीतला सगळ्यात लाडका शब्द 'निरंक'. दर शनिवारी उपकेंद्रातून अहवाल जायचा: ताप किती, जुलाब किती, कावीळ किती. प्रत्येक रकान्यात मी ठसठशीत अक्षरात 'निरंक' लिहायची आणि त्या दिवशी चार घास जास्त जेवायची. आमच्या तालुक्याच्या साहेबांना मात्र त्याच शब्दाची धास्ती होती.

त्याला कारण होतं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. साथ लवकर कळावी म्हणून जिल्हा परिषदेनं एका वर्षापुरता पैसा मंजूर केला होता. त्यातून जीपला डिझेल मिळायचं, सलाईनचा राखीव साठा ठेवला जायचा आणि निरोप आला की पथक निघायचं. हे पुढं चालू ठेवावं की नाही, याचा अभिप्राय साहेबांनी मार्चच्या आत द्यायचा होता.

"बाई, तुमच्या गावात काही होतच नाही," ते कपाळाला हात लावून म्हणायचे. "मी वर काय लिहू? काही होत नाही म्हणून पैसे द्या?"

"हो साहेब, असंच लिहा." माझी जीभ तेव्हाही काही आखूड नव्हती.

मी बदनापूरच्या एका कारकुनाची मुलगी. नर्स म्हणून नेमणूक झाली ती पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडच्या एका खेड्यात. मला हा पैसा बंद व्हायला नको होता, कारण तो नसताना काय होतं ते मी पाहिलं होतं. पैसा मंजूर होण्याआधीच्या पावसाळ्यात वरच्या गल्लीतली एक लेकुरवाळी बाई जुलाब-उलट्यांनी गेली. मला कळलं पाचव्या दिवशी, तेही शेजारची चार माणसं आडवी झाल्यावर. ते चौघे वाचले, पण मला कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही.

त्यानंतर एका सकाळी गिरणीवाले मामा उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसले. भुवयांपर्यंत पिठानं माखलेला, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाले, "बाई, तिचा डबा पाच दिवस आल्ता न्हाई गिरणीवर. मला वाटलं, माहेरी गेली आसंल."

ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक घराचा डबा गिरणीवर येतो म्हणजे येतोच. आणि ज्या घरात माणसं आजारी, तिथं भाकरी कोण थापणार? मी त्यांना तिथंच सांगितलं, "मामा, आजपासून एका गल्लीतले चार डबे तीन दिवस दिसले नाहीत की मला निरोप द्यायचा. कारण शोधायचं नाही. कारण मी शोधेन."

मामांनी मान हलवली. जिल्हा परिषदेच्या पैशातला एक छदामही त्यांना मिळत नव्हता, पण त्या दिवसापासून ते डब्यांवर डोळा ठेवून बसले.

फेब्रुवारीत मी आठ दिवस रजेवर बदनापूरला होते. तिथून परभारे प्राथमिक आरोग्य केंद्रात मासिक बैठकीला आले. साहेब नेमके 'निरंक'वरूनच मला सुनावत होते, तेवढ्यात एसटीचा कंडक्टर आत आला आणि माझ्या हातात मामांची चिठ्ठी देऊन गेला. 'वरची गल्ली. सात डबे. चार दिवस.'

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि लगेच जीप काढायला सांगितली. माणूस कुरकुऱ्या होता, पण मनाचा खोटा नव्हता. तासाभरात आम्ही गल्लीत होतो.

सातही दारांना कुलपं! आणि तेवढ्यात गल्लीमागच्या मोकळ्या जागेतून वाजंत्री सुरू झाली.

मांडव होता. सातही घरं मांडवात होती, नटूनथटून, खणखणीत. भावकीतल्या मुलीचं लग्न आणि सगळ्यांना चूलबंद आवतन, म्हणजे कार्य पार पडेपर्यंत घरात चूल पेटवायची नाही, मांडवातच जेवायचं. चूलच बंद, तर डबा कशाला येईल गिरणीवर? लग्नाचं पीठही जालन्याहून पोत्यांनी आलेलं.

नवरीच्या बापाला वाटलं, साहेब खास लग्नासाठीच आले. त्यानं त्यांना हाताला धरून पंगतीत नेलं. ड्रायव्हरच्या खांद्यावरचं सलाईनचं खोकं आहेर समजून एका करवलीनं आत नेलं आणि त्याला हळद-कुंकूसुद्धा लावलं. मी पिण्याचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. छान पिवळं झालं. म्हणजे पाण्यात जंतुनाशक पावडर व्यवस्थित पडलेली होती. दोष काढायला तेवढीही जागा उरली नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

साहेबांनी पानावरूनच मामांना बोलावणं धाडलं. ते तसेच पिठानं पांढरेफटक येऊन उभे राहिले.

"गावात लग्न आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"बराबर म्हाईत होतं की साहेब. मलाबी आवतन हाये."

"मग चिठ्ठी कशाला पाठवली?"

मामांनी हातावरचं पीठ झटकलं. "मागल्या बारीला बी मला कारण म्हाईत होतं, साहेब. माहेरी गेली, म्हून."

साहेबांचा घास हातातच राहिला. मग सरकून त्यांनी शेजारी जागा केली आणि वाढप्याला म्हणाले, "इथं आणखी एक पान मांडा. आणि बुंदी आणा."

त्यांचा अभिप्राय मी पुढं कार्यालयात स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. 'निरोप मिळाल्यापासून पथक तासाभरात गावात पोहोचले. रुग्ण निरंक. निधी चालू ठेवावा.' पैसा चालू राहिला. मी त्या कार्यालयातच हसू लागले आणि कारकून माझ्याकडे बघत बसला.

पण त्याआधीचा, लग्नानंतरचा शनिवार सांगायचा राहिलाच. मी अहवालाचा कागद घेऊन गिरणीवर गेले. सात डबे ओळीनं मांडलेले. शेवटच्या डब्यामागं त्या गेलेल्या बाईची लेक उभी होती, कमरेवर हात ठेवून, मामांना जल्दी करायला सांगत.

"घरी सगळे बरे ना गं?" मी विचारलं.

"आजीचं पोट दुखून राह्यलंय. बुंदी लई खाल्ली."

मामांनी चटकन माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यासोबत घरी गेले. आजी खाटेवर बसून उरलेली बुंदीच खात होती. तिथंच, तिच्या खाटेच्या कडेला बसून, मी सगळ्या रकान्यांत 'निरंक' लिहिलं.