वारं लागंल

तो जुना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माझा फार लाडका. सत्तरच्या दशकात पोलादपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, आणि त्याचा धडा आला की मला चेवच चढायचा. बंद भांड्यात पदार्थ जाळायचा, आधी आणि नंतर वजन करायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही त्याची शिस्त. हवेतला एकच भाग ज्योतीला आणि श्वासाला लागतो, हे त्याने जगाला पटवलं. पुढे क्रांतीत लोकांनी त्याचं डोकं उडवलं. का, असं मुलं विचारायचीच. सरकारी करवसुलीत त्याची भागीदारी होती, एवढं सांगून मी वेळ मारून न्यायचे.

एका आषाढात हा धडा शिकवून मी शाळेतून तशीच कापड्याला माहेरी गेले. धाकटी बहीण तिथे बाळंत झाली होती. बघते तर खोलीचं दार बंद, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या आणि खाटेखाली कोळशाची शेगडी फुललेली. बहिणीला हाक मारली तर ती नुसती पुटपुटली. डोकं ठणकतंय, एवढंच कळलं. बाळ निपचित पडलं होतं.

मी खिडकीला हात घातला तशी आई आडवी आली.

"उघडू नको गो! वारं लागंल तिला."

"आई, कोळशाने खोलीतला प्राणवायू संपलाय. दोघं गुदमरतायत!"

"वायू म्हंजे वारंच ना? त्येच नको हाय मला."

मी भयंकर चिडले. पदर हाताला गुंडाळून शेगडी उचलली, पडवीत नेऊन आदळली आणि परत येऊन चिंध्या ओरबाडू लागले. आई माझा दंड धरून ओढत होती.

"एक पोर घालवलंय मी! तुज्या आधीचं. असंच सगळं बंद केलं व्हतं, शेगडी व्हती, तरी कुठनं तरी वारं शिरलंच!"

माझे हात क्षणभर थांबले. मग मी खिडकी सताड उघडली.

बहिणीला धरून खिडकीशी बसवलं. ती ओकली, आणि डोळे उघडून "ताई" म्हणाली. बाळ मात्र काही केल्या रडेना. मी त्याचे तळवे चोळत राहिले. इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. शेवटी एकदाचा त्याने टाहो फोडला, आणि मीही रडले.

संध्याकाळी डॉक्टर आले. दोघांना तपासून आईसमोरच म्हणाले, "शेगडी बाहेर काढली म्हणून वाचले."

ते गेल्यावर आई चुलीपुढे जाऊन बसली. मी जवळ गेले तेव्हा तिने हळूच विचारलं, "माजं त्ये पोर वारं लागूनच गेलं ना गो?"

"हो आई," मी म्हटलं. "वारंच लागलं त्याला."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.