चोवीस हजारांचे कान

"कंपनीचं ते कंपनीचंच असतंय, ताई," असं म्हणून अण्णा कानावरच्या काळ्या गोल हेडफोनवर दोन बोटांनी टिचकी मारायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. आता ही बाई काय खोड काढते, असा तो चेहरा. मीही काढल्याशिवाय राहायचे नाही.

खरं नाव सांगत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात आम्ही दोघं होतो आणि सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. तिथल्या प्रत्येक कारखान्यात एकतरी अण्णा असतो, तेव्हा शोधायला जाऊ नका. मूळचे मैंदर्गीचे, घरात कन्नड. तीस वर्षं शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालू करून देणारा माणूस. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मोठ्या मालकांनी त्यांना ऑफिसात आणलं. माझ्या समोरच्या टेबलावर बसून गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचे आणि ऑर्डर लिहून घ्यायची, हे काम. टॉवेलवरून नुसती बोटं फिरवली की सूत कसलं आहे ते सांगत. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याच्या हाताला डोळ्यांपेक्षा जास्त कळतं.

पुण्याच्या भाच्याने आणून दिलेले ते हेडफोन घालून ते पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा पीत होते. किंमत विचारली. चोवीस हजार म्हणाले आणि मला ठसका लागला. माझ्या गळ्यात गावातल्या नव्या पेठेत घेतलेला आठशेचा नेकबँड होता आणि तो दोन वर्षं बिनतक्रार चालत होता. त्या दिवसापासून आमचं जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मी म्हणायचे, गाणं तेच, गाणारा तोच, मग वरचे तेवीस हजार कशाचे? ते म्हणायचे आवाज स्वच्छ, कान दुखत नाही, गादी मऊ, चार्जिंग दिवसभर पुरतं. मी म्हणायचे, गादी मऊ हवी तर उशी घ्या. लोक त्या वरच्या कंपनीच्या खुणेचे पैसे मोजतात, दुसरं काही नाही.

"मोजू देत की," ते एकदा म्हणाले. "माणसं खुणेकडंच बघत्यात. कानाकडं कोण बघतंय?"

मला तेव्हा हे उत्तर फार भंपक वाटलं होतं. साठीला आलेला माणूस आणि कॉलेजच्या पोरांसारखा मिरवतो, असं मी घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकते, कारण तुम्हाला ताटकळत ठेवून मला काही मिळवायचं नाही. अण्णांना ऐकू येत नव्हतं. मागांच्या खडखडाटात तीस वर्षांत कान गेले होते. शेडमध्ये ते कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं, तिथे सगळेच ओठांकडे बघून आणि हातवारे करून बोलतात. घोळ झाला तो ऑफिसात आल्यावर. इथे शांतता होती आणि शांततेत बहिरा माणूस उघडा पडतो. त्यांच्या आधी त्या टेबलावर जे बसायचे त्यांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा मालकांनी हार, नारळ, शाल देऊन घरी पाठवलं होतं. अण्णांनी तो समारंभ बघितला होता. त्या महागड्या हेडफोनमध्ये बाहेरचं बोलणं मोठं करून आत सोडायची सोय होती. ते गाणी ऐकतच नव्हते. आमचं बोलणं ऐकत होते.

आता आठवलं की कळतं. चार्जिंग संपत आलं आणि वीज गेली की ते चार्जरच्या पिनेकडे बघत बसायचे आणि चेहरा पांढराफटक पडलेला असायचा. मी हसायचे. म्हणायचे, अण्णा, अर्धा तास गाण्याशिवाय जीव जात नाही हो. तेही हसायचे.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. नव्या पेठेतल्या एका टपरीवर अगदी तसलाच दिसणारा डुप्लिकेट मिळाला, बाराशेला. तसाच काळा, तशीच गादी, खूण सुद्धा तशीच. मी तो ऑफिसात नेला आणि जेवणाच्या सुट्टीत छोट्या मालकांसमोर टेबलावर ठेवला. छोटे मालक म्हणजे मालकांचा मुलगा, पुण्याहून शिकून आलेला, हौशी. म्हटलं, अण्णांचे डोळे बांधू, आधी एक लावू, मग दुसरा, खरा कुठला ते त्यांनी सांगायचं. छोट्या मालकांनी टाळीच वाजवली.

अण्णा काम आहे म्हणाले. मग गुडघा दुखतो म्हणाले. मग डुप्लिकेट बघूनच कळतंय की, असं म्हणाले. छोटे मालक म्हणाले, अण्णा, घाबरलात काय? तेव्हा ते खुर्चीत बसले. नमुन्याच्या ढिगातला एक हातटॉवेल घेऊन मीच त्यांच्या डोळ्यांवर बांधला. गाठ घट्ट मारली. हात मांडीवर ठेवा, चाचपायचं नाही, हेही मीच सांगितलं, टॉवेल बांधायच्या आधी.

पहिला लावला, गाणं चालू केलं, काढला. दुसरा लावला. तेवढ्यात छोट्या मालकांना फोन आला म्हणून ते बाहेर व्हरांड्यात गेले. मी दुसराही काढून घेतला आणि विचारलं, सांगा, खरा कुठला?

अण्णा हसले. म्हणाले, "व्हय."

व्हय काय, कुठला? पहिला की दुसरा? परत "व्हय, व्हय," आणि तेच हसू. मला वाटलं, हरलेत म्हणून टाळतायत. मी गप्प राहून गंमत बघत बसले. किती वेळ गेला असेल, मिनिटभर. हसू हळूहळू उतरलं. टॉवेलच्या खालून घामाची धार गालावर आली. मी घाबरून म्हटलं, अण्णा, काय होतंय? मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांनी मान उलट्याच बाजूला वळवली.

"कोण हाय का हितं?" ते म्हणाले. फार मोठ्याने, आपण किती मोठ्याने बोलतोय हे ज्याला कळत नाही तसं. "ताई? गेले काय सगळे?"

ओरडावं म्हटलं तर उपयोग नाही आणि हात लावावा तर दचकतील. शेवटी मी गाठ सोडायला गेले तर ती सुटेना, मीच घट्ट मारलेली. टॉवेल ओढूनच काढला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. विहिरीतून वर काढलेल्या माणसाचे डोळे असतात तसे ते होते. माझ्या हातातला खरा हेडफोन त्यांनी बरोबर ओळखून घेतला आणि कानावर चढवला.

"माझ्या बापाला गल्लीत बहिऱ्या म्हणायचे," ते हळू म्हणाले. "त्याच्या तोंडावर. तो बी हसायचा त्यांच्यासंगं. ताई, कानाचं मशीन लावलं की माणूस बहिरा. हे लावलं की शौकीन. कुणाला बोलू नका."

दारात छोटे मालक आले. काय ठरलं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "अण्णा जिंकले. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बरोबर."

आयुष्यात कधी इतक्या पटकन खोटं बोलले नव्हते. मला वाटलं, चूक निस्तरली. माणूस वाचवला. घरी जाताना रिक्षात रडलेसुद्धा, बरं वाटून.

पण छोटे मालक हौशी, मी म्हटलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कारखान्यात सांगितलं की आपल्या अण्णांचे कान म्हणजे काय आहेत! असा माणूस ऑफिसात कशाला कुजवायचा? नवे पाच माग आले होते, जलद चालणारे. त्यांचा आवाज ऐकून बिघाड आधीच सांगायचा, हे काम अण्णांना दिलं. मी तिथेच उभी होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. ते बरं म्हणाले.

पुढचे तीन आठवडे माझे कसे गेले ते मलाच माहीत. अण्णांनी काम मात्र चोख केलं. मागाच्या सांगाड्यावर तळवा टेकवायचे आणि हादरा कुठे वेगळा लागतो ते ओळखायचे. छोटे मालक खूश. मी टेबलावर बसून शेडकडे कान लावायचे. तिथे कुणी मोठ्याने ओरडलं की मी उठून दारापर्यंत जायचे. त्या शेडमध्ये हेडफोनचा काडीचा उपयोग नव्हता, तो नुसता गळ्यात लोंबायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, अण्णा, आता सांगून टाकू या. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबा. आणि खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं वाटलं, कारण सांगायचं म्हणजे माझं खोटंही सांगावं लागणार होतं.

एका मंगळवारी दुपारी शेडमधून बाईची किंकाळी आली. अण्णांनी एक माग दुरुस्त केला होता आणि एक कामगार बाई अडकलेला धागा काढायला आत हात घालून होती. थांबा, थांबा, ती ओरडली. तिच्याकडे अण्णांची पाठ होती. त्यांनी बटण दाबलं. शेजारच्या मागावरच्या माणसाने ते बघितलं आणि झेप घालून माग बंद केला म्हणून बोटं वाचली. दोन नखं गेली. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा अण्णा भिंतीला टेकून उभे होते आणि स्वतःच्या हाताकडे बघत होते.

त्याच संध्याकाळी ते छोट्या मालकांच्या केबिनमध्ये गेले. हेडफोन माझ्या टेबलावर काढून ठेवला आणि गेले. दार बंद होतं. मी बाहेर बसले. वाटत होतं, आता मला आत बोलावतील. माझी पोरगी बारावीला होती, नवऱ्याच्या कामाचं खरं नव्हतं. मला त्या वेळी अण्णांचं काय होईल हे सुचलंच नाही. माझं काय होईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

अण्णा बाहेर आले, हेडफोन उचलला आणि गेटकडे गेले. मी उठले नाही.

थोड्या वेळाने छोटे मालक आले. म्हणाले, अण्णांनी काम सोडलं. किती वर्षं ऐकू येत नाही, आपल्याला कसं कळलं नाही? "आणि ते म्हणाले, त्या दिवशी मी ताईंनाही फसवलं. अंदाजाने उत्तरं दिली, ती बरोबर निघाली. ताईंना यातलं काही माहीत नव्हतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरंच तुम्हाला काही कळलं नव्हतं?"

मी म्हटलं, नाही.

अण्णा मैंदर्गीला बहिणीकडे राहतात असं कळलं. तास दीड तासाचा रस्ता आहे. मी गेलेले नाही. मी अजून त्याच कारखान्यात, त्याच टेबलावर कामाला आहे.