उलट फिरलेलं वर्तुळ

"नकली हा शब्द तुमचाच ना, हानाओका-सान?"

"मी नकली असं कुठंही लिहिलेलं नाही. 'कारखान्याबाहेर बनलेली' असं लिहिलंय."

"मग या चिठ्ठीवर काय आहे? वाचा ना. चष्मा देऊ?"

"दुकानदारानं काय लिहावं ते माझ्या हातात नाही."

"खाली तुमच्या पुस्तकाचं पानही दिलंय. एकशे बारा. तेही त्यानं मनानंच घातलं असेल."

 आमच्या गल्ल्यावर, जुन्या रजईच्या तुकड्यावर, एक गिटार पडलेली होती. काळपट लाल, डाव्या हाताची. तिच्या खुंटीला बांधलेली चिठ्ठी मारुयामा चिसातोनं दोन बोटांत धरली होती, मेलेलं झुरळ धरावं तशी. पन्नाशीची बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण करते आणि तिथूनच तडक आली होती. कपाळावर टोपीचा वळ तसाच होता.

"नागोयाला मिळाली," ती म्हणाली. "स्वस्तात. नकली म्हटल्यावर स्वस्तच मिळणार. माझ्या वडिलांनी बनवलेली गिटार मी नकली म्हणून विकत आणली. मजा आहे ना?"

"चिसातो, बस आधी. चहा घे."

"चहा नको."

"लहानपणी तू मला तोकु-काका म्हणायचीस."

"तेव्हा तुम्ही पुस्तक लिहिलं नव्हतं."

मी दुरुस्तीच्या टेबलाशी तारा कापत होते, तशी कापतच राहिले. सहा वर्षं मी या दुकानात आहे. हानाओका तोकुजींशी अशा आवाजात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मात्सुमोतो या आमच्या गावात प्रत्येक घरात एकतरी माणूस कधीकाळी गिटारच्या कारखान्यात होता. हानाओका-सान पंधराव्या वर्षी कुराशिना वाद्य कारखान्यात लागले. कारखाना बुडाल्यावर त्यांनी हे दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण लोक ओळखतात ते त्यांच्या डोळ्यांना आणि त्याहून जास्त त्यांच्या अंगठ्याला. डावखुरी जुनी गिटार कुणी आणली, की ते पुढून बघतच नाहीत. मानेच्या, म्हणजे तारा दाबतात त्या लांब दांड्याच्या, कडेवरून अंगठा फिरवतात. वाजवणाऱ्याला दिसावेत म्हणून त्या कडेला बारीक ठिपके असतात. उजव्या हाताची गिटार घरी उलटवलेली असेल, तर ठिपके जमिनीकडे बघत राहतात. "लाजलेत," म्हणायचे ते, आणि गिटार परत द्यायचे. दहातल्या नऊ लाजलेल्याच निघायच्या. दहावी निघाली, की दिवसभर शीळ घालायचे.

अशा दहाव्या गिटारींची त्यांनी नावानिशी यादी केली. कुठल्या कारखान्याची, कुठल्या साली, किती नग. ज्यांना कारखान्यानं नाव दिलं नव्हतं त्यांना यांनी दिलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचं पुस्तक झालं, आणि तोक्योचे संग्राहक आमच्या दारात बूट पुसून आत येऊ लागले. पुस्तकात एकशे बारावं पान सगळ्यांत गाजलं.

कुराशिनात प्रत्येक कारागीर मान बसवण्याआधी खाचेत पेन्सिलीनं तारीख घालायचा आणि आपली खूण करायचा. हानाओका-सानची खूण त्रिकोण. त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठ्या मारुयामा शिगेओची खूण वर्तुळ. दोघं चार वर्षं शेजारीशेजारी बसले. पुढं बाजारात कुराशिनाच्या दोन लाल डावखुऱ्या गिटारी निघाल्या, १९६७ च्या, आत वर्तुळ. ठिपके बरोबर, लाकूड बरोबर, उलटवलेल्या गिटारीत असतं तसं बुजवलेलं भोक एकही नाही. पण हानाओका-साननी भिंग लावलं आणि कारखान्याच्या नोंदवहीतली शिगेओची वर्तुळं शेजारी ठेवली. वहीतली वर्तुळं एका बाजूनं फिरलेली, लाकडातली उलट बाजूनं. पेन्सिल कुठं टेकली, कुठं सुटली, सगळं दिसत होतं. त्यांनी लिहिलं: हा मारुयामाचा हात नाही. कारखान्याचं उरलेलं लाकूड वापरून कुणीतरी नंतर या बनवल्या आणि खूण चोरली.

उरलेलं लाकूड गावात कुणाकडे होतं? शिगेओकडे. घरामागं त्याची छपरी होती. पुस्तकात संशयितांमध्ये त्याचं नाव नव्हतं. पण न्हाव्याकडे, सार्वजनिक न्हाणीघरात, सोबा शेवयांच्या दुकानात लोक ते आपापसांत घालू लागले. म्हातारपणी आपल्याच खुणेच्या गिटारी बनवून जुन्या म्हणून विकतो.

"बाबांनी ते पान वाचलं," चिसातो म्हणाली. "पुस्तक मिटलं आणि छपरीला कुलूप लावलं. मी विचारलं, बाबा, तुम्ही बनवलेल्या का हो या? म्हणाले, तोकुला जास्त कळतं. बस. एकोणीस वर्षांत एवढंच."

हानाओका-सान रजईचा दोरा ओढत होते.

"शरद ऋतूत त्यांना झटका आला, ते ऐकलंच असेल."

"ऐकलं."

"उजवी बाजू गेली. दवाखान्यातल्या बाईंनी डाव्या हातात पेन्सिल दिली. म्हणाल्या, आजोबा, वाकडी आली तरी चालतील, वर्तुळं काढा. शेजारचे सगळे बटाटे काढत होते." तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "हे बाबांनी पहिल्याच दिवशी काढलं."

कागदभर वर्तुळं होती. एकही डगमगलेलं नाही.

"मी म्हटलं, बाबा, हे कसं? तर हसले. अर्ध्याच तोंडानं हसता येतं आता. म्हणाले, हा माझा खरा हात. शाळेत कापडानं बांधून ठेवायचे. मला पन्नास वर्षांत ठाऊक नाही, हानाओका-सान. माझे वडील डावरे आहेत हे मला ठाऊक नाही. उजव्या हातानं जेवायचे, उजव्या हातानं सही करायचे. लोकांसमोर." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही या गिटारची मान सोडवता का?"

मी हानाओका-सानकडे बघितलं. त्यांनी खुणेनंच हो म्हटलं.

चार स्क्रू होते. मान उचलली. खाचेत तारीख होती आणि वर्तुळ होतं, कालच काढल्यासारखं. चिसातोनं कागद शेजारी ठेवला आणि भिंग हानाओका-सानसमोर सरकवलं.

"बघा. तुमचंच भिंग आहे."

त्यांनी भिंग उचललं नाही.

"बघायची गरज नाही," ते म्हणाले.

"का? पुन्हा लाकूड चोरलेलं निघेल?"

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वहीत तो उजव्या हातानं खूण करायचा. मुकादम समोर उभा असायचा. लाकडात डाव्या हातानं करायचा, म्हणून वर्तुळ उलट फिरायचं. खाचेत कोण बघतंय. परदेशातून पाच डावखुऱ्यांची मागणी आली तेव्हा मुकादमानं विचारलं, कोण करेल. हात कुठं पडेल हेच कुणाला कळत नव्हतं. शिगे-सान म्हणाला, मी करतो. लोकांना वाटलं, हौस. एकदा बॉयलरच्या खोलीत तो दाराकडं पाठ करून पर्सिमनचं फळ सोलत होता. सुरी डाव्या हातात होती. मी आत गेलो. तो म्हणाला, कुणाला सांगू नकोस, तोकु. लग्न ठरत होतं त्याचं, आणि डावरा म्हटलं की स्थळ मोडायचं तेव्हा."

"आणि हे सगळं माहीत असताना तुम्ही लिहिलंत?"

"लिहिताना आठवलं नाही. शपथ घेऊन सांगतो. भिंगात एवढं दिसत होतं, की माणूस आठवलाच नाही. पुस्तक छापून तीन महिने झाले, आणि माझी बायको पर्सिमन सोलायला बसली. तेव्हा आठवलं."

"तीन महिने," चिसातो म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त भीती घालणारा होता. "म्हणजे एकोणीस वर्षांतले तीन महिने तुम्ही चुकलात. बाकीचं काय होतं?"

हानाओका-साननी भिंग उलटं करून ठेवलं.

"त्यांनी सांगू नकोस म्हटलं होतं, म्हणून? वचन पाळत होतात?"

"नाही. तसं म्हणायची सोय होती. मनातल्या मनात पुष्कळदा म्हणून बघितलं." ते उठले, खणातून एक फोटो काढला आणि तिच्यासमोर ठेवला. "हेही बघ. एकदाच काय ते बघून टाक."

फोटोत भिंतीवर एक घड्याळ होतं. लाल गिटारचं धड, मान कापलेली, मध्ये काटे. फोटो निगाताच्या एका संग्राहकानं मोठ्या कौतुकानं पाठवला होता. मागे लिहिलं होतं: आपल्या ग्रंथाबद्दल आभार. नकली निदान वेळ तरी दाखवते.

चिसातो फोटोकडे बघत राहिली. पाचांतली एक. मी तारा बाजूला ठेवल्या.

"पुस्तक तीनदा पुन्हा छापलं," हानाओका-सान म्हणाले. "प्रत्येक वेळी प्रकाशक विचारायचा, काही दुरुस्ती? एक ओळ पुरली असती. मी म्हणायचो, नाही. त्या पानासाठीच लोक येत होते."

मग त्यांनी गल्ल्याखालून कापडात बांधलेला डबा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे सरकवला.

"हे काय?"

"चेस्टनटच्या वड्या. शिगे-सानला आवडायच्या. माफी मागायला जाणार होतो."

"कधी?"

त्यांनी डब्याची गाठ उगाच घट्ट केली. आणि मला एकदम कळलं. दर वर्षअखेर हानाओका-सान चांगला कोट घालून असाच डबा घेऊन निघायचे. तासाभरानं परत यायचे. कधी बस चुकली, कधी बर्फ होतं, कधी घरी कुणी नव्हतं. डबा माझ्या टेबलावर ठेवायचे: खाऊन टाका, तारीख उलटेल.

"दर वर्षी आणायचे," माझ्या तोंडून गेलं. "निदान मी आल्यापासून."

"मग कुणी खाल्ल्या?" चिसातोनं विचारलं.

"मी."

"चांगल्या असतात?"

"हो," मी म्हटलं, आणि जमिनीत जावंसं वाटलं.

हानाओका-साननी दुकानाचा शिक्का असलेला कागद घेतला. टोपण काढायला त्यांना वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं, उभं राहून, शाळेत उभं राहावं तसं.

"'पान एकशे बारा चुकीचं आहे. कुराशिना कारखाना, १९६७, लाल, डावखुरी, पाच नग. पाचही अस्सल. खूण मारुयामा शिगेओची, त्याच्या डाव्या हातानं केलेली. या गिटारला कारखान्यानं नाव दिलं नव्हतं. आजपासून तिचं नाव मारुयामा. ही चूक मला पुस्तक छापल्यावर तीन महिन्यांनी कळली होती. हानाओका तोकुजी.' उद्या प्रकाशकाला पाठवतो. गिटारच्या मासिकाला आणि त्या नागोयाच्या दुकानालाही."

"शेवटचं वाक्य प्रकाशक काढून टाकेल," चिसातो म्हणाली.

"ते काढलं तर छापू नका म्हणून सांगेन. ही प्रत तू ने."

तिनं कागद घेतला, आधी मनातल्या मनात वाचला, मग ओठ हलवत वाचला आणि वडिलांच्या वर्तुळांच्या कागदात घडी करून ठेवला. मी मान परत बसवली. मी चौथा स्क्रू पिळत होते तेव्हा ती म्हणाली, "घट्ट बसवा. बाबा वाजवून बघणार आहेत. डाव्या हातानं आता तारा छेडता येतील. उजव्यानं दाबता येणार नाहीत, पण छेडता येतील." ती चिठ्ठी तिनं तोडली आणि हानाओका-सानच्या चहाच्या बशीत ठेवली.

गिटार पेटीत गेली. कड्या लागल्या. हानाओका-सान गल्ल्याच्या बाहेर आले आणि वाकले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस जेवढा वाकू शकतो त्याहून जास्त वाकले. तसेच वाकलेले राहून त्यांनी विचारलं, "चिसातो, मी येऊ का? तो मला भेटेल?"

तिनं पेटी खांद्याला लावली. डब्याकडे एकदा बघितलं, तो तिथंच ठेवला. दार सरकवलं, आणि रस्त्यावरच्या उन्हात निघून गेली.