लाल बटणाचा डेमो

आमच्या केजच्या ऑफिसात उरलेल्या कामांची यादी दर पंधरा दिवसांनी थोडी तरी कमी होते. किस्से मात्र साठतच जातात! माणसं तीनच: टीम सांभाळणारा मी, कोड लिहिणारा नांदूरघाटचा बापू आणि चुका शोधणारी सारिका. पुण्याच्या मालकांनी "अजाईल करा", म्हणजे थोडं थोडं काम करून दर पंधरा दिवसांनी दाखवा आणि लागेल तसं बदला, म्हणून सांगितलं आणि माझं बीपी वाढायची रोजची सोय झाली.

*

रोज सकाळी उभं राहून सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार. बापू म्हणायचा, "कालचंच आज करणार हाय." तिसऱ्या दिवशीही तेच! मी भडकलो. सारिकानं शांतपणे विचारलं, "बापू, अडलंय कुठं?" गडी तीन दिवस एकाच चुकीशी झुंजत होता आणि लाजेनं बोलत नव्हता. दुपारपर्यंत दोघांनी ती काढली. उभं राहण्याचा हा फायदा मला मानावाच लागला.

*

आमचं ॲप मेंढपाळांसाठी. मेंढी आजारी पडली की डॉक्टरला बोलवायचं. पंधरा दिवसांत जमलं तेवढं घेऊन आष्टीच्या माळावर गेलो. बापूनं पाच पानांचा फॉर्म दाखवला. तिथली मेंढपाळ गंगूबाई म्हणाली, "लेकरा, ह्ये भरंस्तोवर मेंढी मरंल की!"

त्याच आठवड्यात फॉर्म गेला आणि एक लाल बटण आलं. दाबलं की थेट डॉक्टरला फोन!

*

काम देणारे मेंढपाळ संघाचे अध्यक्ष, तात्या. दर पंधरवड्याला त्यांना नवं काही सुचायचं. आधी नकाशा, मग हवामान, मग पहिल्या पानावर स्वतःचा फोटो! मी वैतागलो की म्हणायचे, "बदल चालतो म्हणून तुमीच सांगितलं न्हवं?"

शेवटी मात्र त्यांनी दम भरला, "शुक्रवारी माळावर बटण चाललं न्हाई, तर काम दुसऱ्या कंपनीला."

म्हणजे केजचं ऑफिस बंद. मी आणि बापू पुण्याला गेलो असतो. सारिका कुठं जाणार? घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्या आठवड्यात मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

*

आणि बापू मंगळवारी चुलतभावाच्या लग्नाला गेलता! फोन बंद. बटणाच्या आत काय काय जोडलंय, कुणालाच माहीत नाही. गुरुवारी उगवला तेव्हा मी ओरडलो, "लिहून काहून ठेवलं न्हाई बे?"

"सर, अजाईलमधी कागद कमी असत्यात. समदं डोक्यात हाय."

लई राग आला. पण कोड उघडून बघायला वेळ उरला नव्हता.

*

शुक्रवारी माळावर पन्नास माणसं जमली. तात्या बोलायला उठले आणि तेवढ्यात गंगूबाई किंचाळली. तिची मेंढी पोट फुगून आडवी पडली होती! बाईनं लाल बटण दाबलं.

सारिकानं डोळे मिटून घेतले.

फोन वाजला. बापूच्या खिशात!

टेस्टिंगसाठी टाकलेला स्वतःचा नंबर त्यानं बदललाच नव्हता. तात्यांनी फोनकडं बघितलं, मग बापूकडं. सारिका मटकन खालीच बसली.

बापूनं कुणाकडं बघितलं नाही. मेंढरांतच वाढलेला तो. "गोडंतेल आणा!" म्हणून धावला. मेंढीला तेल पाजलं, धरून उभी केली, पोट चोळत हळूहळू चालवली. बऱ्याच वेळानं मेंढीनं ढेकर दिला आणि ती आपल्या पायांनी कळपाकडं निघाली.

गंगूबाई डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टर लई जवळ ऱ्हातो की!"

तात्या सारिकाकडं वळून म्हणाले, "पोरी, पुढला डेमो कवा ठेवायचा?"