दीपगृहाच्या गाण्याच्या पहिल्या चार ओळी

ब्रिस्टलच्या डॉक्टर सुचेताताई आयुष्यभर कुणाला घाबरल्या नाहीत. लहान मुलांच्या वॉर्डात त्यांनी भल्याभल्या कन्सल्टंटना गप्प बसवलं. पण चारचौघांत गायचं म्हटलं की बाई काहीतरी सबब काढत. त्याला कारण घरातच होतं. त्यांनी सूर लावला रे लावला की यजमान रघुवीर म्हणायचे, "अगं हळू, भिंती पातळ आहेत. शेजारी काय म्हणतील?" झालं! पुण्यात गुरुजींनी घोटून घेतलेला गळा इथे गुणगुणण्यापुरता उरला.

लाडकं गाणं मात्र इंग्रजी. नवी नवरी म्हणून इथे आल्या, तेव्हा हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. त्यात दीपगृहाच्या रखवालदाराची बायको भांडी घासता घासता ते गाते. सिनेमा केव्हाच आपटला होता, चांगला नव्हताच मुळी! पण गाणं जॅझवाल्यांनी उचललं आणि बघता बघता ते पबापबांत वाजू लागलं. त्या पहिल्या हिवाळ्यात सुचेताताईंना त्याच गाण्याची सोबत होती.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकदाचा हिय्या केला. कोपऱ्यावरच्या पबमध्ये रविवारी दुपारी जॅझची मैफल जमते, कुणीही उठून गावं. "आज जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा तोंड उघडणार नाही," त्यांनी रघुवीरना बजावलं. ते निमूट मागे जाऊन बसले.

ड्रमरने काठ्या वाजवून लय दिली आणि इथेच बाईंनी घोळ घातला. आलाप होईपर्यंत तबलजीला थांबवतात, तसं त्यांनी सवयीने हात वर करून त्याला थांबवलं आणि सिनेमातल्या संथ पहिल्या चार ओळी सुरू केल्या. त्या ओळी जॅझवाल्यांनी कधीच गाळून टाकल्या होत्या. ते थेट ध्रुवपदावर येतात. पियानोवाले आजोबा थोडे चाचपडले, मग त्यांनी चक्क पट्ट्यांवरून हात उचलले.

आपण एकट्याच पडलोय हे बाईंना कळलं. पण आता थांबायचं कसं? त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात तानपुरा लावला आणि गळा मोकळा सोडला. 'हाक मारली तर वारा हसेल, म्हणून मी हळूच गाते,' असं काहीसं त्या ओळींत रखवालदाराची बायको म्हणते. मग सुचेताताईंनी हात खाली आणला, ड्रमरने नेमकी सम धरली, आणि ओळखीचं ध्रुवपद आल्याबरोबर अख्खा पब डोलायला लागला.

गाणं संपलं. "जन्मभर हे वाजवतोय, पण त्याला अशी सुरुवात आहे हे आज कळलं!" पियानोवाले आजोबा म्हणाले. टाळ्या थांबेनात. त्यांच्याही वर मागून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

सगळे वळून बघायला लागले. असं इथे कोण ओरडतं? संगीत नाटकाच्या प्रेक्षकासारखे रघुवीर खुर्चीवरून उठून उभे होते. डोळे पुसत त्यांनी भर पबात मराठीतूनच सांगितलं, "आणि अगं, हळू नको!"