आ-कुईचे पाय आणि टोमॅटोची मर

वेन ते-कुईला एका जागी बसलेलं मेइनोंग गावातल्या कुणी पाहिलं नव्हतं. साठी उलटली तरी पायाची भिंगरी काही थांबत नव्हती. सकाळी पेजेची वाटी तो अंगणात फेऱ्या मारतच संपवायचा, रबरी बूट चढवायचा, कमरेला छाटणीची सुरी खोचायचा आणि निघायचा. वाटेत कुणाच्या टोमॅटोचे बगलेतले फुटवे काढ, कुणाची सैल सुतळी ताणून बांध, कुणाच्या पाटातली घाण उपस. कुणी बोलवायची वाट बघणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. लोक त्याला आ-कुई म्हणायचे, आणि तो दिसला नाही तर विचारायचे, "आज आजारी की काय?"

"अहो, गावाची शेतं झाली असतील तर एकदा आपल्याही शेतात डोकवा," बायको, लान-मोई, ओरडायची.

"आलोच!" म्हणून तो दुसऱ्याच दिशेला जायचा.

फक्त फू-सेनच्या शेतात त्याला मज्जाव होता. उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून दोघांची जुंपली, तेव्हा फू-सेनने सगळ्यांदेखत बजावलं होतं, "माझ्या बांधावर पाय ठेवलास तर उभा गाडीन."

त्या वर्षी हिवाळी टोमॅटो लावून महिना झाला होता. ऊन अजून उन्हाळ्यासारखं भाजत होतं. एका दुपारी आ-कुईला स्वतःच्या शेतात एक झाड मान टाकून उभं दिसलं. पानं हिरवीगार, पण कोमेजलेली. संध्याकाळी ते पुन्हा ताठ झालं. तहान लागली असेल, असं त्याला वाटलं. पुढच्या दोन-तीन दुपारी तसंच झालं आणि मग झाड उठलंच नाही. त्याने सुरीने ते बुडाशी कापून बांधावर फेकलं. हात स्वस्थ बसेनात म्हणून तसाच तो शेजारच्या युक-ईंगच्या शेतात शिरला. युक-ईंग त्याच्या चुलतभावाची विधवा. एकटी बाई, दोन ओळी छाटून दिल्या तर तेवढीच मदत.

पंधरवड्यात युक-ईंगच्या त्याच दोन ओळी कोमेजून बसल्या. मग पलीकडच्या शेतात लागण झाली, मग त्याच्याही पुढे. झाड पिवळं पडत नव्हतं की पानावर डाग दिसत नव्हता. दुपारी मान टाकायची आणि दोन-चार दिवसांत संपायचं.

आ-कुईची झोप उडाली. दिवसातून तीनदा तो सगळी शेतं पालथी घालू लागला. मेलेली झाडं उपट, मुळं फोडून बघ, पुढच्या शेतात जा. "रोपवाटिकेने सडकी रोपं गळ्यात मारली," असं तोच सगळ्यात मोठ्याने म्हणायचा. त्याच्याच आग्रहावरून शेतकी केंद्रातल्या बाईंना बोलावलं गेलं.

बाई तरुण होत्या, बोलणं मोजकं. त्यांनी कोमेजलेल्या झाडाचं खोड कापलं आणि तुकडा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरला. सगळे वाकून बघत होते. कापलेल्या टोकातून दुधट धागा निघाला आणि धुरासारखा खाली उतरू लागला.

"जिवाणूंची मर," बाई म्हणाल्या. "हे मातीत राहतात, मुळातून आत शिरतात आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्या बुजवतात. लागण झालेल्या झाडावर औषध नाही."

"म्हणजे रोपंच खराब होती!" आ-कुई म्हणाला.

"तसं वाटत नाही. फू-सेन यांची रोपं त्याच वाटिकेतली आहेत. त्यांचं एकही झाड गेलेलं नाही. त्यांच्याकडे वेगळं काय आहे?"

"डोकं!" कुणीतरी म्हणालं. "त्याच्या तापट डोक्याला भिऊन रोगही आत गेला नाही!"

सगळे हसले. बाईही हसल्या आणि सहज म्हणाल्या, "माती बुटाला चिकटून जाते. सुरीवरून रोग एका झाडातून दुसऱ्यात जातो. फार माणसं येत नसतील त्यांच्या शेतात."

आ-कुईचं हसू ओठांवरच थिजलं. त्याची नजर बुटांवर गेली. घोट्यापर्यंत माती लागली होती आणि ती किती जणांच्या शेतातली होती कुणास ठाऊक. घोळक्यातून तो गुपचूप निघाला आणि ओढ्याच्या काठाने नुसता चालत सुटला. बसावंसं वाटलं, बसवेना. मेलेली शेतं मनातल्या मनात एकेक करून तपासली. ज्या बाजूने तो आत शिरायचा, तिथूनच सगळीकडे सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो चपला घालून घरोघर गेला, पण कुणाच्याही शेताचा बांध ओलांडला नाही. रस्त्यावरूनच सांगितलं, "हे माझ्या पायांनी आणलंय." काहींनी ते उडवून लावलं, म्हणाले, पाटाच्या पाण्यानेही आलं असेल. फू-सेन खो-खो हसला. "म्हणजे माझ्या शिव्यांनी माझं पीक वाचलं! बायकोला सांगतो, ती रोज मला शिव्यांवरूनच बोलते."

युक-ईंग हसली नाही. "भाऊजी, तुम्ही येत होता म्हणून मी देवापुढे तुमच्या नावाने उदबत्ती लावायचे," ती म्हणाली आणि फाटकाला कडी घातली.

बाईंच्या सल्ल्याने गावाने मेलेली झाडं उचलून जाळली. वर्षानुवर्षं टोमॅटोमागून मिरची आणि मिरचीमागून टोमॅटो घेऊन जमीन विटली होती. जिवाणू कमी व्हावेत म्हणून तिच्यात पाणी कोंडून पुन्हा भात लावला. पुढच्या हिवाळ्यासाठी वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम करायचं ठरलं. वांग्याची मुळं हा रोग बऱ्यापैकी सोसतात.

कलमाचं काम आ-कुईने मागून घेतलं. वांग्याचं रोप तिरकं कापायचं, त्यावर टोमॅटोचा शेंडा तिरका बसवायचा, इवल्याशा नळीने दोन्ही जोडायचे आणि रोपं अंधारात, दमट झाकणाखाली ठेवायची. कापायला त्याचा हात चांगला होता. वाट बघायला मात्र धीर नव्हता. तो तासातासाला झाकण उचलून डोकवायचा. कोरडी हवा आत गेली आणि पहिली खेप सगळी सुकली.

"ती पोरं आहेत का, पांघरूण काढून बघायला?" लान-मोई कडाडली. दुसऱ्या खेपेला तिने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आ-कुई अंगणात फेऱ्या मारत राहिला, दाराला कान लावत राहिला. रोपांचा काही आवाज येतो का! पण त्याला राहवत नव्हतं.

दुसरी खेप बरीचशी जगली.

हिवाळ्यात कलमी रोपं शेतात गेली. जिथे कलमाचा सांधा मातीखाली जाऊन टोमॅटोला स्वतःची मुळं फुटली होती, तिथे काही झाडं दगावली. बाकीची दुपारच्या उन्हातही ताठ उभी राहिली. प्रत्येक फाटकापाशी बूट बुडवायला ब्लीचिंगच्या पाण्याची घमेली आली, आणि प्रत्येक शेताची सुरी त्याच शेतात राहू लागली. युक-ईंगने टोमॅटो कायमचा सोडला. शेत खणून तळं केलं आणि त्यात पाण्यातली भाजी लावली. आ-कुईने कलमी रोपं पाठवली होती, ती तिने परत केली.

आ-कुई अजून फिरतो, पण रस्त्यावरूनच. "तिसऱ्या ओळीत सुतळी सैल आहे रे!" असं फू-सेनला ओरडून सांगतो. फू-सेन शिवी हासडतो आणि सुतळी बांधतो. युक-ईंगच्या तळ्यापाशी आ-कुईची पावलं रेंगाळतात. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून भाजीच्या लांब वेली ओढत असते. मान वर करत नाही. तो थोडा वेळ थांबतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो आणि पुढे जातो.