घरच्या एकोणतीस पायऱ्या

नाशिक रोडला मी मेलमध्ये चढले तेव्हा माझ्याजवळ एक पेटी, चिवड्याचा डबा, कुबडी आणि टंकलेखन केलेली कार्यक्रमपत्रिका एवढं सामान होतं. पत्रिकेच्या तीन प्रती होत्या. ती पाठवणारा वासू हा माझ्या बालमैत्रिणीचा, मालूचा मुलगा, ग्वाल्हेरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. एकाच प्रतीवर त्याला झोप लागली नसती.

माझा डावा पाय लहानपणापासून अधू. शाळेत जाताना मालू माझ्या चालीने चालायची आणि रोज माझ्याबरोबर उशिराची शिक्षा भोगायची. लग्न होऊन ती ग्वाल्हेरला गेली. 'तुझं ग्वाल्हेर तुझ्याबरोबर बघेन,' असं मी तिला तीस वर्षं लिहीत आले. नुसतं लिहायला माझं काय जात होतं? मग राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला ठरली, कचेऱ्या निघाल्या आणि त्यांच्यामागून वासूचं बिऱ्हाडही. पंधरा दिवसांत मालूचं ग्वाल्हेर संपणार होतं. तेव्हा कुठे मला जाग आली.

वासूने माझ्या पायासाठी खास आखणी केली होती. प्रत्येक स्थळापुढे रकाना: पायऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूला, टेकायला जागा आहे की नाही. नवं राज्य आखणाऱ्यांनीही एवढी काळजी घेतली नसेल. शेवटची नोंद होती: 'सायंकाळी, घरी, आईची भेट.' तिथला रकाना कोरा होता.

ग्वाल्हेर स्टेशनावर हमालाने पेटीबरोबर मलाही उचलायची तयारी दाखवली. मला कुणी उचललेलं खपत नाही. सहाव्या वर्षी एका काकांनी खांद्यावर घेऊन सगळ्या लग्नघरात मिरवलं होतं, तेव्हापासून नाही. टांगेवाला समजूतदार होता. त्याने फक्त माझी कुबडी उचलली आणि मला हवेत लटकत ठेवलं.

मुक्काम वासूच्या एका सहकाऱ्याच्या तळमजल्यावर होता. सामानाची बांधाबांध चालू आहे म्हणून घरी नको, असं वासूने लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टांगा घेऊन हजर झाला. सडपातळ, चष्मा, खिशात दोन पेन.

"मावशी, बिल्कुल चिंता नका करू. सगळं चेक करून ठेवलंय."

आधी किल्ला. उरवाईच्या चढावर कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती रस्त्यावरूनच दिसतात, हे पत्रिकेत बरोबर होतं. घोडा अर्ध्या चढावर थांबेल, हे पत्रिकेत नव्हतं. त्या मूर्तींसारखाच तोही निश्चल उभा राहिला. वरचा महाल मग मी वासूच्या वर्णनावरून पाहिला. तो म्हणाला, "बढिया आहे." पुढे एका देवळाशी टांगेवाल्याने दिलासा दिला, "माताजी, बस चार सीढ़ियाँ हैं." पत्रिकेत सतरा होत्या. पत्रिका खरी निघाली. देवाने बाहेरूनच नमस्कार घेतला.

सगळीकडे मी विचारत होते, "मालू का नाही आली?" आणि वासू दर वेळी चष्मा पुसत होता.

संध्याकाळी सराफ्याच्या एका गल्लीत टांगा थांबला. समोर अरुंद दार, आत अंधार आणि अंधारात सरळ वर गेलेला दगडी जिना. कठड्याच्या जागी एक दोर लोंबत होता.

"वासू, हा रकाना कोरा का होता रे?"

तो जिन्याकडे असा पाहत राहिला, जसा काही तो आजच बांधला होता. "मावशी, घरचा जिना... तो कोण मोजतं?"

तेवढ्यात वरून हाक आली, "सुमे!"

दुसऱ्या मजल्याच्या सज्जात मालू बसली होती. पांढरे केस, पण हसू तेच.

"ये ना वर!"

"तूच ये खाली!"

वासूने हळूच सांगितलं, "आई पडली होती. कंबर गेली. दोन वर्षं झाली, खाली नाही उतरली. तुम्हाला कळवायचं नाही, अशी कसम घातली होती तिने."

म्हणजे बाड्यावर (लष्कर भागातला मुख्य चौक) काय नवं आलं, कुणाच्या दुकानाला कोणता रंग लागला, ही दोन वर्षांची ताजी पत्रं तिने त्या सज्जातून ऐकीव बातम्यांवर लिहिली होती! मला राग आला, तिचा आणि स्वतःचाही.

मग आम्ही दोन मजल्यांच्या अंतरावरून गप्पा मारल्या. माझी सांधेदुखी आणि तिची सून ही दोन्ही प्रकरणं साऱ्या गल्लीला समजली. समोरच्या सराफाने सांधेदुखीवर लेपही सुचवला. मालूने भाजीची टोपली दोराने खाली सोडली, तीत गजक (तीळगुळाची कुरकुरीत वडी) होती. मी चिवड्याचा डबा वर पाठवला. डबा तिच्यापर्यंत पोचला याचा मला हेवा वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी गाडी होती.

रात्री मी रडले. हे प्रवासवर्णनात बसत नाही, पण रडले.

सकाळी वासू आला तो दोन हमाल आणि एक हातांची खुर्ची घेऊन. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात सरकारी क्रमांक होता.

"भोपाळच्या ट्रकमध्ये चढायची आहे, मावशी. दुपारपर्यंत इथेच आहे," तो म्हणाला. नियम मोडताना त्याने त्या क्रमांकावर रुमाल टाकला.

जिन्याच्या तोंडाशी मी खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले.

"माँजी, अलमारी से तो हल्की हो," पुढचा हमाल म्हणाला.

वर पोचल्यावर मालूने माझा हात धरला तो सोडेचना. "तुला उचललेलं खपत नाही ना गं?"

"नाहीच खपत. बाडा पाहिलास का एवढ्यात?"

"वासू म्हणतो, भोपाळला जायच्या दिवशी एकदाच खाली नेऊ. दोनदा कशाला त्रास."

मी हमालांकडे पाहिलं. वासूने घड्याळाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आधी मावशींना न्या," तो म्हणाला, "मग आईला घ्यायला या."

मालूने सबंध जिनाभर वासूला हाका मारल्या. उन्हात आली तशी ती गल्ली खालून बघू लागली. टांग्यात आम्ही शेजारी बसलो आणि बाड्याला तीन फेऱ्या मारल्या. त्या घोड्याला सपाटीवर काही तक्रार नव्हती. मालू एकेक इमारत दाखवत होती, निम्म्या दुकानांची नावं चुकत होती. "अगं, हे कधी बदललं?" असं मलाच विचारत होती. मी तीस वर्षं लिहीत आले होते ते असं घडलं. फार सुख झालं.

टांग्यातूनच तिला म्हटलं, "भोपाळहून थेट गाडी आहे. नाशिकला माझ्याकडे ये. काही त्रास नाही पडायचा."

स्टेशनावर वासूने सुधारित पत्रिका दिली. तीन प्रती. शेवटच्या ओळीत भर होती: 'घर. पायऱ्या एकोणतीस. कठडा नाही.' खाली पेनने लिहिलं होतं: 'भोपाळला तळमजल्यासाठी अर्ज केला आहे.'

घरी पोचले. टांगेवाल्याने पेटी ओट्यावर ठेवली. मी सवयीने कठडा धरून वर चढले आणि थांबले. या घरात मी बावीस वर्षं राहते. कुबडी टेकून खाली उतरले आणि पुन्हा चढले, या वेळी मोजत.

पाच होत्या. पेटी न उघडताच मी वासूला कार्ड लिहिलं: 'नाशिक. पायऱ्या पाच. कठडा डावीकडे. गवंड्याला उद्या बोलावलं आहे, उतार होईल. आईला सांग.'